मोकळं टोक

“हितं कायतरी चुकलंय न्हवं, सर?” परशरामने पुन्हा विचारलं, आणि चिंतामणीपंतांनी पुन्हा तेच पान काढलं. चूक सापडत नव्हती. ती सापडावी म्हणून पंतांचा जीव वरखाली होत होता.

परशराम सदलग्याचा, एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी. आता बेळगावच्या कॉलेजात त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर बसून गणित शिकवायचा. पंतांच्या ओसरीवर तुळईला लोंबणारा वाखाचा दोरही त्यानेच गावाकडून वळून आणलेला; वर जाड, खाली आसुडासारखा निमुळता. असा दोर हलवला तर काही ठरावीक गतींनाच नीट आकार धरतो. त्या गती समीकरणातून काढायच्या, हे पंतांनी हौसेनं लावून घेतलेलं दुखणं. वरचं टोक बांधलेलं, तिथं अडचण नव्हती. खालच्या मोकळ्या टोकाशी मात्र ताण शून्य व्हायचा आणि समीकरण हातपाय गाळायचं. मागोमाग पंतही. तिथं कोणती अट घालावी, या विचारात त्यांचे केस पिकले.

त्या पानावर परशरामने टोक बांधायच्या भानगडीत न पडता, त्याचं हलणं बेसुमार वाढू नये एवढंच समीकरणाकडून मागितलं होतं. सगळं सुटलं होतं.

“तुमी व्हय म्हनला तरच ह्ये मुंबईच्या परिषदेला धाडतो,” तो म्हणाला.

पंतांच्या अंगाचा तिळपापड झाला. कालचं पोर!

“चुकलंय,” ते म्हणाले. “टोकाला अट लागतेच. सोडून दे हे.”

आता हा भांडेल, असं त्यांना वाटलं. परशरामने कागदांची घडी घातली. “तुमी म्हनताय म्हंजे असंल, सर.” पाया पडून तो निघाला. जाताना त्याचा खांदा दोराला लागला.

दोर हलू लागला. वर जेमतेम; खाली टोक खुशाल नाचत होतं, कुणी बांधलेलं नसताना.

पंतांच्या पत्नी कल्याणीबाई कॉफी घेऊन आल्या. “अहो, न घेताच गेला?”

पंत अनवाणीच फाटकाकडे धावले. “परशराम! बरोबर आहे रे ते! खोटं बोललो मी. जळलो तुझ्यावर.”

तो थांबला. “बराबर हाय ते ठावं हुतं, सर.”

“मग भांडला का नाहीस?”

“गनित तुमचं हाय. तुमीच न्हाय म्हनल्यावर म्या कसं धाडू?”

त्याच्या हुशारीचा हेवा पंतांनी एकवेळ गिळला असता. या मनाचा हेवा त्यांना गिळवेना.

त्याला घेऊन ते ओसरीवर आले. दोर अजून हलत होता. टोक धरून थांबवायला पंतांनी हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.