हर्षलाने मला खाली ठेवलं तेव्हा

मी शिळफाट्यावरच्या पोपट मंडपवाल्याचा माईक बोलतोय. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. समज आली ती हळदी-साखरपुड्यांत. लोक मला हातात घेतात, टिचकी मारतात, 'हॅलो हॅलो' म्हणतात आणि एकदम मोठे होतात. मला ते आवडतं.

साजगावातल्या एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेला दरवर्षी मीच असतो. तिथे कैक वर्षं मी एकाच मुठीत होतो, अध्यक्ष योगेंद्रशेठच्या. संचालकांत त्यांचा मेहुणा, भाचा विपुल आणि बाकी दोस्तमंडळी. शेठ ठराव वाचत, पुढच्या रांगा 'मंजूर' म्हणत. कुणी प्रश्न विचारायला उठलंच, तर शेठ पोपटकडे नुसतं बघत. पोपट बटण फिरवून माझा आवाज बारीक करी. सभेचं काम त्याला शेठच देत ना.

गेल्या वर्षी सभेआधी शेठ आणि विपुल माझ्याशेजारी उभे राहून हलक्या आवाजात ठरवत होते. मोठी कर्जं यापुढे एकट्या अध्यक्षांनी मंजूर करायची, असा ठराव आणायचा. आणि आणायचा तो पंगत मांडली की. मी सगळं ऐकलं, पण बंद माईक कुणाला काय सांगणार?

तसंच झालं. भाजीच्या वासाने लोक उठू लागले आणि शेठनी ठराव वाचला. इतक्यात हर्षला पुढे आली. गावातलीच, कारखान्यात पॅकिंगला जाणारी, संस्थेची साधी सभासद. तिने शेठकडून मला मागून घेतलं. पहिल्याच शब्दाला पोपटचा हात बटणाकडे गेला.

तिने पोपटकडे पाहिलं आणि मला टेबलावर ठेवून दिलं. मग मशिनच्या गोंगाटात बोलायची सवय असलेल्या त्या गळ्याने विचारलं, "शेठ, समदं तुमीच ठरवायचं, तर तुमाला विचारायचं कुणी?"

ताटाकडे निघालेली माणसं जागच्या जागी थांबली. विपुल म्हणाला, विषय संपला. ती हलली नाही. शेवटचं मोठं कर्ज कुणाला दिलं, तेवढं नाव सांगा, म्हणाली. मागच्या बायकाही तेच विचारू लागल्या. अखेर सचिवांनी मान खाली घालून सांगितलं, विपुलच्या कंपनीला.

 पोपट उठला, त्याने मला उचललं, तिच्या हातात दिलं. "बोल ताई," तो म्हणाला. आवाजाचं बटण त्याने पूर्ण वाढवलेलं होतं.

ठराव फेटाळला गेला. सहकार खात्याची चौकशी लागली, ती अजून चालू आहे. शेठना पायउतार व्हावं लागलं आणि निवडणुकीत हर्षला संचालक झाली.

यंदाच्या सभेत ती व्यासपीठावर होती. मागून डोंगरातल्या वाडीवरच्या सोमीआजी उठल्या. हर्षला स्वतः मला घेऊन खाली उतरली आणि तिने मला त्यांच्या तोंडासमोर धरलं.

"तुझ्या दिराला टेंपोचं कर्ज लगीच मिळालं. माझ्या लेकाला नाय. का गं?"

लोक चुळबुळले. कुणीतरी म्हातारीला बसायला सांगितलं.  पण हर्षलाने मला आजींपासून दूर नेलं नाही.

"बसू नका, आजी," ती म्हणाली. "दोनी अर्ज पुन्हा तपासू. त्या बैठकीत मी नसंन. काय झालं ते इथंच, समद्यांम्होरं सांगू."

माझी जाळी आता चेपली आहे, वायरला चिकटपट्टी आहे. अजून किती सभा मिळतील कोण जाणे. तुमच्या हाती आलो, तर खुशाल मोठ्याने बोला. फक्त बोलून झालं की मला त्याच्यासमोर धरा, ज्याचा प्रश्न तुम्हाला नकोसा आहे.