साडूची वेबसाइट

बन्सीलाल पहिल्यांदा आला तो शालिग्रामकडेच. ही टोचणी शालिग्रामला पुढे कायम राहिली.

जळगावच्या एमआयडीसीत शालिग्राम चौधरींचा शेंगा फोडायची यंत्रं बनवण्याचा कारखाना होता. सन अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात, नवीनच कॉम्प्युटर सेंटर काढलेला बन्सीलाल त्यांच्यापुढे बसून वेबसाइट म्हणजे काय ते सांगत होता. शालिग्राम पोट धरून हसले. "अरे, शेंगा फोडणारा माणूस कॉम्प्युटरवर बसतो का कधी? तू धुळ्याला जा. आमचे साडू आहेत, चुडामण. त्यांना असल्या गोष्टींची फार हौस!"

बन्सीलाल खरंच धुळ्याला गेला आणि चुडामणने खरंच वेबसाइट केली.

चुडामणला हा धंदा शालिग्रामनेच शिकवला होता. आता त्याच चुडामणची यंत्रं आधी गुजरातेत, मग टांझानियात गेली. सासरवाडीला, भडगावात, कुठलंही कार्य असलं की सासरे आल्यागेल्याला सांगत, "आमचे धाकटे जावई परदेशात माल पाठवतात." थोरले जावई शेजारीच पाटावर बसलेले असत. ते पुरणपोळीचे नुसते तुकडे करत बसत.

वर्षभराने त्यांनी बन्सीलालला बोलावलं. "मलाही साइट पाहिजे. चुडामणपेक्षा मोठी."

"मोठी नको भाऊ, कामाची करू," बन्सीलाल म्हणाला. "गिऱ्हाईक काय शोधतं, तेच शब्द पानावर पाहिजेत. यंत्र तासाला किती शेंगा फोडतं, दाणा किती तुटतो, मोटर केवढी. फोटो लहान ठेवू, म्हणजे पान लवकर उघडेल. आणि मेल आला की त्याच दिवशी उत्तर द्यायचं. चुडामणभाऊ तेवढंच करतात."

शेवटचं वाक्य बोलला नसता तर शालिग्रामने कदाचित ऐकलं असतं. चुडामण करतो तेच करायचं, तर मग थोरलेपण कसलं? त्यांनी हारासकट स्वतःचा मोठा फोटो घालायला लावला. नाव चमचम करत सरकायला लावलं. पान उघडताच सनई वाजली पाहिजे, असंही सांगितलं. पान उघडेपर्यंत चहा पिऊन होई आणि मगच सनई लागे.

रोज संध्याकाळी ते बन्सीलालच्या सेंटरवर जाऊन बसत. "शोध," म्हणत. बन्सीलाल सर्च इंजिनमध्ये शेंगा फोडायच्या यंत्राचं इंग्रजी नाव टाकी. पहिल्याच पानावर चुडामण. शालिग्राम कुठेच नाहीत. पडद्यावरचं ते नाव पाहून ते चपला सरकवून तडक घरी निघत. तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जात.

एकदा बन्सीलाल बोलता बोलता म्हणाला, "काही लोक तर पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत दुसऱ्याचं नाव लिहून ठेवतात. माणसाला दिसत नाही, सर्च इंजिनला दिसतं. नाव त्याचं शोधा, पान ह्याचं उघडतं."

शालिग्राम खुर्चीत सरसावून बसले. "आपणही लिही."

"भाऊ, बरं नाही दिसत. घरचे लोक ते."

"दिसणारच नाही, तूच म्हणालास ना?"

बन्सीलालने नाइलाजाने चुडामणचं नाव, धुळे, शेंगायंत्र, असं ओळीने कितीतरी वेळा लिहिलं. थोड्याच दिवसांत शालिग्रामच्या पत्त्यावर पहिला मेल आला. बन्सीलालने वाचून सांगितलं. टांझानियाचं गिऱ्हाईक होतं. जुना पत्ता हरवला म्हणून तुमचं नाव शोधलं, तर हा पत्ता मिळाला, असं म्हणत होतं. यंत्राची जाळी फाटलीय, माल आवारात पडून आहे, मजूर बसून आहेत, लवकर काहीतरी करा.

"चुडामणभाऊंचा आहे. पाठवून देतो त्यांना."

"कागदावर काढून दे. मी जाणारच आहे धुळ्याला," शालिग्राम म्हणाले. इतका आनंद त्यांना स्वतःचं पहिलं यंत्र विकलं तेव्हाही झाला नव्हता.

धुळ्याला चुडामणच्या मुलीचा साखरपुडा होता, पण तो पुढच्या आठवड्यात. तोवर कागद शालिग्रामच्या खिशात राहिला. जेवणाची पंगत बसली, सासऱ्यांनी परदेशाचा विषय काढला आणि शालिग्रामने कागद उलगडला. "परदेशातून काय लिहून येतं, तेही ऐका की," म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर मजकूर सांगितला. जाळी फाटली, हे दोनदा सांगितलं.

चुडामणचा चेहरा पडेल, असं त्यांना वाटलं होतं. चुडामणने फक्त विचारलं, "भाऊ, हा आला कधी?"

"झाला असेल आठवडा."

चुडामण भरल्या ताटावरून उठला. हात धुतला न धुतला आणि धोतर-टोप्यांच्या गर्दीतून वाट काढत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे निघाला. बायकांच्या पंगतीत वाढत असलेली शालिग्रामची बायको, द्रौपदाबाई, हातातलं भांडं खाली ठेवून जवळ आली.

"आठवडाभर खिसामा ठेवं व्हतं?" ती हळूच म्हणाली. "तुमले लाज वाटनी नही का?"

शालिग्रामने ताटाकडे पाहिलं. सासरे दुसरीकडे बघत होते.

चुडामण परत आला तो घामाघूम होऊन. "तिकडचा दाणा बारीक आहे. जाड पत्र्याची, बारीक भोकांची जाळी लागेल. पत्र्याला तशी भोकं पाडणारा प्रेस धुळ्यात नाही." मग म्हणाला, "तुमच्याकडे आहे, भाऊ."

एवढं सगळं झाल्यावर हा आपल्याकडे मागतो कसा, याचाच शालिग्रामला राग आला. आपल्याला असं मागणं जमलं नसतं, हे त्यांना कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः प्रेसवर उभं राहून जाळ्या काढल्या. चुडामण मापं घेऊन आला होता. दोघं कामापुरतंच बोलले. गाडीत बसताना चुडामण म्हणाला, "पत्ता तुमचा कसा सापडला त्यांना, ते मी बन्सीलालला विचारलं नाही. विचारणारही नाही."

त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शालिग्राम तसेच सेंटरवर गेले. "ती पांढरी अक्षरं काढ. सनई काढ. माझा फोटोही काढ. आता सांग, काय काय लिहायचं?"

दिवाळीनंतर राजकोटहून एकाने दोन यंत्रांचा भाव विचारला. शालिग्रामने त्याच दुपारी उत्तर लिहून घेतलं, दोनदा वाचून घेतलं आणि पाठवायला लावलं. मन हलकं झालं होतं. उठता उठता त्यांनी बन्सीलालला सहज विचारल्यासारखं विचारलं, "चुडामणला किती मेल आले रे या महिन्यात?"