वाघाची दाढ

चौथ्यांदा जेव्हा वाघ दातांच्या दवाखान्याच्या जिन्यावरून पळाला, तेव्हा वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला.

वाघ म्हणजे त्यांचे यजमान. बंदरात क्रेन चालवायचे. दहा मजले उंच काचेच्या केबिनमध्ये बसून वाऱ्यावर डोलणारे कंटेनर जहाजात अलगद उतरवायचे, म्हणून सोबत्यांनी हे नाव ठेवलेले. आणि हाच वाघ दातांच्या डॉक्टरची पाटी दिसली की शेळी होई! दाढ किडली, ठणकू लागली, गाल सुजला, तरी रोज नवी सबब. आज साहेब येणार आहेत, आज वारा फार आहे, आज जरा बरं वाटतंय. वहिनी गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कामाला. चार वेळा त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चारही वेळा सुपरवायझरची बोलणी खाल्ली. शेवटी वैतागून त्यांनी हा किस्सा यजमानांच्या सोबत्यांनाच सांगून टाकला. बंदरभर हसू झाले. त्या दिवसापासून वाघाने दाढेचे नावच काढले नाही. गुपचूप दुखण्याच्या गोळ्या गिळायचे आणि एका बाजूने जेवायचे.

पाचव्या वेळी वहिनींनी शक्कल लढवली. सासूबाईंच्या झोपेच्या दोन गोळ्या कुटून यजमानांच्या चहात घातल्या. पेंगत का होईना, माणूस खुर्चीत बसेल तरी!

दवाखान्याच्या जिन्यात तिसऱ्याच पायरीवर वाघ थांबले. कामावर जातो, संध्याकाळी बघू, असे पुटपुटत वळलेसुद्धा. वहिनींनी त्यांचे मनगट घट्ट धरले आणि लहान मुलाला न्यावे तसे ओढत वर नेले.

डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या आणि शांत होत्या. त्यांनी आधी गाल पाहिला, मग डोळे, मग नाडी. काय घेतलंय, असे विचारल्यावर वाघांनी जड जिभेने दुखण्याची गोळी सांगितली. बाईंना ते पटले नाही. त्यांनी वहिनींकडे पाहिले, तेव्हा वहिनींनी सगळे सांगून टाकले, तेही जरा तोऱ्यातच.

"मला हे कळलं नसतं," बाई म्हणाल्या, "आणि यावर मी माझं गुंगीचं औषध दिलं असतं, तर यांचा श्वास मंदावला असता. आणि आज हे तुमच्या हातून निसटून कामावर गेले असते तर?"

वहिनींच्या डोळ्यांपुढे क्रेनची ती उभी शिडी आली. तिच्यावर पेंगणारा नवरा, खाली उभी असलेली माणसे! अरे देवा, मी हे काय करून बसले!

बाईंनी त्या दिवशी दाढेला हात लावला नाही. गुंगी उतरेपर्यंत वाघांना तिथेच बसवून ठेवले आणि मग नीट समजावले. भीती वाटणाऱ्यांसाठी सोयी असतात, पण त्या डॉक्टरांनी तपासून द्यायच्या. नाकावर मास्क लावून एक वायू देतात, माणूस जागा राहतो, मन सैल पडते आणि थोड्याच वेळात अंमल उतरतो. आधी घ्यायची गोळी असते, त्या दिवशी मात्र काम बंद आणि सोबतीला घरचे माणूस हवे. भीती फारच असेल तर भूलतज्ज्ञ शिरेतून औषध देतात. मग त्यांनी वाघांना विचारले, नेमकी भीती कशाची?

वाघ मनगट चोळत बोलू लागले.

"लहानपणी दाढ काढली तेव्हा दोघांनी हात धरले होते. बधिर झालंच नव्हतं. मी ओरडत होतो आणि ते हसत होते."

वहिनींनी त्यांच्या मनगटाकडे पाहिले. आपल्याच बोटांचे वळ तिथे अजून उमटलेले त्यांना दिसले. अकरा वर्षांच्या संसारात हा प्रश्न आपण एकदाही विचारला नाही, याची त्यांना फार लाज वाटली.

सुजेवर औषध सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणे आले. जिन्यापाशी वहिनी थांबल्या.

"हात धरू का?" त्यांनी विचारले.

वाघांनी आपणहून हात पुढे केला. आत बाईंनी वाघांच्या नाकावर वायूचा मास्क लावला, बधिर झाल्याची खात्री केली आणि सांगितले, दुखलं तर हात वर करा, मी थांबेन. वाघांनी दोनदा हात वर केला आणि बाई दोन्ही वेळा थांबल्या. दाढ निघाली.

पुढच्या आठवड्यात बंदरातल्या हसणाऱ्यांपैकी दोघे, एकमेकांच्या नकळत, वहिनींकडे त्याच दवाखान्याचा पत्ता मागून गेले.

मंडळी, तुमच्या आमच्या घरातही असा एखादा वाघ असतो. त्याला हसू नका, ओढू नका, आणि परस्पर औषध तर मुळीच देऊ नका. भीती कशाची ते विचारा आणि ती डॉक्टरांच्या कानावर घाला.