बापाचं नाव

माले गावात गोजराबाईला कुणी धन्याचं नाव विचारलं की ती कुंकवाला बोट लावी आणि शेजारची बाई तिच्या वतीनं नाव सांगून टाकी. गावात सगळ्याच बायकांचं असं भागत होतं. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, अशी त्यांची पक्की समजूत.

एके साली कानडी मुलखातून तार आली. धरणाच्या कामावर गेलेल्या तिच्या लेकाचा, बहिरूचा, पाय दगडाखाली चिरडला होता. घरधनी दम्यानं अंथरुणाला खिळलेला. जायचं तिनंच, एकटीनं.

"तिथं बापाचं नाव विचारतील," तार वाचून मास्तरांच्या पत्नी लीलाबाई म्हणाल्या. "सांगाल ना?"

"कुनीतरी सांगंल की."

"तिकडं त्यांना कोण ओळखतंय? आणि उखाण्यात घेतलंत, तेव्हा काय झालं त्यांना?"

"ते देवाधर्माचं, बाई. माजं कुकू पुसायला लावताय व्हय?"

दवाखान्याच्या फाटकावर खोटे नातेवाईक फार येत. रोग्याच्या बापाचं नाव जुळल्याशिवाय पहारेकरी कुणालाच आत सोडत नव्हता.

"तंदे हेसरु?"

तिला कळेना.

"बाप का नाम?"

हे कळलं. तिनं कुंकवाला बोट लावलं. पहारेकरी बघतच राहिला. तिनं पदर पुढं ओढून पुन्हा कुंकू दाखवलं. मागच्या एकानं तिची नक्कल केली आणि सगळी रांग हसली.

"माजा बहिरू हाय वो आत!"

"चल, हट!"

फाटक बंद झालं. ती भिंतीला टेकून बसली. आत पोरगा, घरी नवरा, कुणाला जगवायचं?

उजाडताच ती गजांना जाऊन भिडली.

"गेणबा!" ती किंचाळली. "बहिरूच्या बापाचं नाव गेणबा! गेणबा!"

फाटक उघडलं. एवढंच तर हवं होतं!

"कल क्यों नहीं आयी?" डॉक्टर चिडून म्हणाला. पाय कापायला घरच्या माणसाचा अंगठा लागत होता. आता विष अंगभर पसरलं होतं.

ती कालच आली होती. ते सांगायला तिच्याकडं भाषा नव्हती. दुपारी बहिरू तिच्या मांडीवर गेला.

घरी परतल्यावर तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. जाऊ धोंडाबाई कडाडली, "भावजींचं नाव घेतलंस, त्याचंच ह्ये फळ!"

"न्हाई घेतलं म्हनून गेला त्यो!" गोजराबाई म्हणाली. "ज्याचं घेतलं, त्यो बघ, ओटीवर खोकत पडलाय."

कोपऱ्यात बहिरूची बायको रत्ना गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

"रत्ने, माज्या लेकाचं नाव घे. मोठ्यानं."

"बहिरू," रत्ना म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि ऐकायला तो नव्हता.

वाचकहो, गावात आपल्या वतीनं बोलणारं कुणीतरी असतं. परक्या मुलखात आपलं आपल्यालाच बोलावं लागतं. लेकीसुनांना ते घरीच शिकवा! बाहेरचं जगही शिकवतं, पण ते गोजराबाईला शिकवलं तसं.