घोंगडीत मुरलेला सायडर

सुमित हे लिहिणारच न्हव्हता. मोबाईलवर दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. गोष्ट बापाच्या दारूची, न् चूक सगळी आपली. असलं कोण लिहितं? पण बापच म्हणला, "लिही ना बापू. नाव बी बदलू नको. केदारखेड्यात कोणाला माहीत न्हाई आता?"

म्हणून हे.

सुमितच्या बापाचं नाव पुंजाराम. पुंजारामनं बुद्धपौर्णिमेला दारू सोडली. त्याच्या आधी पंधरा वर्षं तो विहारात सगळ्यांबरोबर उभा राहून पंचशील म्हणायचा. चार शिलं खणखणीत. पाचवं आलं, म्हणजे मद्य घेणार न्हाई ती ओळ आली, की त्याला बराबर खोकला यायचा. पोरंसोरं बी वाट बघायची त्या खोकल्याची. त्या बुद्धपौर्णिमेला तो खोकलला न्हाई. ओळ पुरी म्हणला. पुढच्या रांगेतून बेबीनंदानं, त्याच्या बायकोनं, मान वळवून बघितलं. बस, तेवढंच. 

साडेसात महिने निघाले. मंग आला डिसेंबर.

दर एकतीसला नदीच्या अंगाला पुंजाराम न् त्याची चौकडी प्यायला बसायची. त्यातला संपत म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. त्यानं पारावर सगळ्यांसमोर विचारलं, "काय पुंजा, यंदा एकतीसला काय मंग? दूध पिऊन निजतू का?"

लोक हसले. पुंजारामला काय झालं काय माहीत, तो म्हणला, "एकतीसला तुम्हीच माझ्या घरी या. चार वाजता. माझा पोरगा पुण्याचं पेय करणार हाय. गरम, मसाल्याचं. नशा बिलकुल न्हाई न् मजा सगळी."

"न्हाई आली मजा तं?"

"तं मंग मी तुमच्यासंगं नदीला येतो."

बोलून बसला. घरी येऊन सुमितला सांगताना मात्र त्याचा आवाज बारीक झाल्ता. "तू फोनवर सांगत होता ना रे, त्या हॉटेलातलं. सफरचंदाचं. येतं ना तुला?"

"येतं ना बाबा," सुमित म्हणला. "चार वर्षं तेच गाळलं मी."

खोटं न्हव्हतं ते. पुण्याच्या हॉटेलात सुमित किचनमधी होता. दिवाळी सरली की तिथं सायडर सुरू व्हायचं, ते नवीन वर्षापर्यंत. सफरचंदाचा रस, त्यात दालचिनी, लवंग, सुंठ, संत्र्याची साल. गरम करून कपात. लोक दोन्ही हातांनी कप धरायचे न् डोळे मिटायचे. सुमित खिडकीतून बघायचा. नोव्हेंबरात ते हॉटेल बंद झालं न् तो घरी आल्ता. तेव्हापासून घरात नुसता पडून. मोबाईल, जेवण, मोबाईल. बापानं हे काम सांगितलं तसा तो खाटंवरून उठलाच.

अठ्ठावीसला तो मल्हारीच्या गाडीवर भोकरदनला गेला. मल्हारी त्याचा पहिलीपासूनचा दोस्त, धनगराचा. घरी मेंढ्या, अंगात मस्ती. दोघांनी एक पेटी सफरचंदं आणली, डागाळलेली, पण गोड. मिक्सर दहा सफरचंदांनंतर जळका वास सोडायचा, मंग त्याला थांबवायचं, झाकण काढून फुंकर मारायची.

"मशीनला दम लागला," मल्हारी म्हणायचा. "पाणी पाज त्याला."

बेबीनंदाच्या जुन्या सुती लुगड्यातून रस पिळला. संत्री न्हव्हती, मंग शेजारच्या बागेतल्या मोसंब्यांची साल घेतली. साखरेच्या जागी गूळ. मोठा स्टीलचा डबा गळ्यापर्यंत भरला न् घट्ट झाकण लावलं.

आता मुरवायचं. हॉटेलातला मुख्य आचारी कायम म्हणायचा, तीन दिवस मुरू द्या, घाई करू नका. सुमितला ते शब्द बराबर याद होते. एकच गोष्ट याद न्हव्हती. हॉटेलातली सायडरची पिंपं थंड खोलीत असायची, इतक्या थंड की आत जायचं तर जाकीट घालावं लागायचं. पण जाकीट थंडीसाठी घालतात, सायडरचा न् त्याचा काय संबंध, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच न्हव्हतं. आपल्या घरी काय मुरवायचं, लावायचं असलं की ते उबेत ठेवतात. थंडीत दही लागत न्हाई म्हणून आई पातेलं गुंडाळून चुलीमागं ठेवती. सुमितनं तेच केलं. मल्हारीनं घरून आज्याची काळी घोंगडी आणली, डब्याला दोन वेढे दिले, वर सुतळी बांधली.

बेबीनंदा बघत होती. "मुरायला ते काय लोणचं हाय?"

"आई, हॉटेलात असंच करतात."

"हॉटेलात घोंगडी होती?"

मल्हारी हसून हसून भिंतीला टेकला. सुमित बी हसला. डबा चुलीमागच्या कोपऱ्यात ठेवला. त्याच कोपऱ्याशी पुंजारामचं अंथरूण असायचं.

दुसऱ्या दिवशी सांजंला पुंजारामनं अंथरूण उचललं न् भाईर ओट्यावर टाकलं.

"काहून वो?" बेबीनंदा म्हणली. "दव पडून राह्यलं भाईर."

"आत गरमतं."

"डिसेंबरात?"

"मला गरमतं." दोन गोधड्या घेऊन तो भाईरच निजला. तिसऱ्या दिवशी बी तेच. सकाळी खोकत उठायचा. सुमितला वाटलं, वय झालं बाबाचं, डोकं फिरतं माणसाचं.

एकतीस तारीख. दुपारी दोनला सुमितनं सुतळी सोडली. झाकण नुसतं ढिलं केलं तं ते फाटकन् उडालं. फेस उसळला, डब्यावरून घोंगडीवर, घोंगडीवरून जमिनीवर. न् मंग वास आला. गोड, आंबट, नाकात चढणारा.

मल्हारीनं गिलास बुडवला. एक घोट घेतला. सुमितकडं बघितलं. अजून एक घेतला.

"सुम्या."

"काय?"

"लेका, हे आंबलं. ही तं चढून राह्यली."

"काही बी नको बोलू."

"थांब, खात्री करतो," म्हणून त्यानं गिलास रिकामा केला न् परत बुडवला.

सुमितनं बोट बुडवून चाटलं. जिभेवर बारीक टोचलं.  दोन तासांत लोक येणार. पहिला कप कोणाचा? बाबाचा. साडेसात महिन्यांनंतर बाबाच्या ओठाला पहिली दारू लागणार, न् ती पोराच्या हातची.

"उकळ," मल्हारी म्हणला. "खदखदा उकळ, उडून जाईन सगळं. इथं कोणी सायडर पेलं हाय? ह्याची चवच अशी असते म्हणायचं. जल्दी कर."

न् सुमितनं गॅस पेटवला. हे तो लपवत न्हाई. पातेलं ठेवलं, रस ओतला, मूठभर लवंग टाकली, वास दबावा म्हणून. दबला न्हाई. वाफ घरभर झाली न् वास अजून मोठा झाला. तो पळी धरून तिथंच उभा राह्यला. डोक्यात एकच, सांगितलं तं बाबाचं पारावर हसं होणार. न्हाई सांगितलं तं?

त्यानं गॅस बंद केला.

पुंजाराम भाईर ओट्यावर होता. शेजारून आणलेले गिलास धोतराच्या सोग्यानं पुसून एका रांगेत ठेवून राह्यलता.

"बाबा, एक चूक झाली."

"माहीत हाय."

"कोणती ते तं ऐका—"

"आंबलं ते. परवापासून माहीत हाय." पुंजारामनं गिलास उन्हात धरून बघितला. "पंधरा वर्षं त्या वासासंगं निजलो मी. मला न्हाई कळणार?"

सुमितच्या डोळ्यासमोर ओट्यावरचं ते अंथरूण आलं. "मंग बोलला काहून न्हाई?"

पुंजारामनं तोच गिलास परत पुसला. मंग म्हणला, "तू महिनाभर पडून होता. पहिल्यांदा हसत काम करून राह्यलता. म्हणलं, मी बोललो तं हा परत जाऊन पडंल." गिलास खाली ठेवला. "न् परवा सांजंला मी त्या झाकणाला हात लावलता. सुतळीची गाठ हातात होती माझ्या. म्हणून अंथरूण भाईर काढलं."

"मी वाढलं असतं तं?"

"तं काय केलं असतं, मला न्हाई माहीत बापू. खरंच न्हाई माहीत."

बेबीनंदा दारातच उभी होती.  आत गेली, डबा उचलला, पातेलं उचललं, न् मागच्या उकिरड्यावर सगळं पालथं केलं. मल्हारी तोंड पाडून बघत राह्यला, जशी मेंढीच मेली. वापस येताना ती एवढंच म्हणली, "लोणचं म्हणलं होतं मी."

पेटीत अकरा सफरचंदं उरलती. मिक्सरला दम घ्यायला बी वेळ न्हव्हता. सुमितनं चिरून, सालीसकट, पाण्यात टाकली, वर आलं, दालचिनी, मोसंबीची साल, गूळ. मुरवणं न्हाई, काही न्हाई. पाऊण तास उकळलं, घोटलं, गाळलं. पातळ झालं जरा.

चारला संपत आला, मागं तिघं. उंबऱ्यातच नाक वर केलं त्यानं. "पुंजा! वास कसला रे हा? मजा करून राह्यला का एकटाच?"

सुमितनं मान खाली घातली. पुंजाराम सरळ म्हणला, "पोराच्या हातून दारू झाल्ती, चुकून. उकिरड्यावर हाय. तुला जायचं तं जा, चाटून ये."

 मंग चौघं बी असे हसले की शेजारची कुत्री भुकायला लागली. संपत हसतच खाली बसला. पुंजारामनं स्वतः गिलास भरले. आपला भरला, दोन्ही हातांनी धरला न् पेला.

"काढा हाय हा," संपत म्हणला.

"काढाच हाय. पे."

"आजाऱ्याला देतात असला."

"मंग तुलाच पाहिजे. पे."

संपत तीन गिलास पेला. मजा आली का, ते त्यानं सांगितलं न्हाई न् पुंजारामनं विचारलं न्हाई. बाकीचे तिघं पाचला उठून नदीकडं गेले. संपत अर्धा घंटा अजून बसला. मंग तो बी गेला. पुंजाराम गेला न्हाई. त्यानं ओट्यावरचं अंथरूण झटकलं न् आत नेऊन टाकलं, आपल्या जुन्या कोपऱ्यात.

मल्हारी अंगणात घोंगडी उलटीपालटी करून राह्यलता. मधोमध ओला, चिकट डाग, न् वास असा की दोन हातांवरून येतो. ही घोंगडी त्याची आई, आशाबाई, खंडोबाच्या जागरणाला अंथरते, वर देव मांडते.

"आईला सांगतो, मेंढी मुतली."

"ती घोंगडी हुंगल मल्हाऱ्या."

"मंग काय सांगू? तुझ्या बापावर ढकलू का?"

सुमितनं आत बघितलं. बाबा कोपऱ्यात पाय पसरून बसलता, आई त्याला काहीतरी बोलून राह्यलती, खोकल्याचं असंल. त्यानं घोंगडी मल्हारीच्या हातातून घेतली, घडी केली न् आपल्या खांद्यावर टाकली.

"तू काहीच सांगू नको. उद्या सकाळी, चहाच्या आधी, मी ही घेऊन तुझ्या घरी येतो. आशामावशीसमोर बसतो न् पहिल्यापासून सगळं सांगतो, लवंग टाकली ते बी."

"लई शिव्या खाशीन."

"खाईन. पण येतो म्हणजे येतो, तिनं मला हाकललं तरी सगळं सांगून झाल्याबिगर उठणार न्हाई."