केसरबाईंची गाणी आणि माझं दुसरं दार

मित्रांनो, जरा जवळ या, मला आता मोठ्यानं बोलवत नाही. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. भिगवणला स्टेशनच्या रस्त्यावर गोकुळचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये मी वर्षानुवर्षं गरगर फिरते आहे. नवी होते तेव्हा माझा आवाजसुद्धा येत नसे. आता सुरू होताना कुरकुरते. तुमच्या घरातली मोठी माणसंही सकाळी उठताना कुरकुरतात, पण त्यांना कुणी भंगारात घालायची भाषा करत नाही. माझ्याबाबतीत ती रोजच होते.

सुरुवातीला माझे कायमच्या भिंती घालून कप्पे पाडले होते. लग्नसराईत फोटोंचा कप्पा तुडुंब भरायचा. शेजारचा अर्धा रिकामा असला तरी तो कुणाच्या उपयोगी पडायचा नाही, आणि शिव्या मी खायचे. मग गोकुळचा मेहुणा अजित आला. तो पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करतो. त्यानं माझ्यावर लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली घातली, भिंती काढल्या आणि सबव्हॉल्यूम केले. सबव्हॉल्यूम म्हणजे एकाच घरातल्या खोल्या समजा. नावं वेगवेगळी, पण जागा सगळ्यांची मिळून एक. जिला जेवढी लागेल तेवढी तिनं घ्यावी. शिवाय कुठल्याही खोलीचा त्या घडीचा ठसा घेऊन ठेवता येतो, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. पुढे खोलीत काही बिघडलं तरी ठशात जुनं सगळं जिथल्या तिथं राहतं. त्या दिवसांत मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

यंदाच्या पावसाळ्यात सोमनाथ आपल्या आईला, केसरबाईंना, स्टुडिओत घेऊन आला. सोमनाथ इंदापूरला बँकेत आहे. केसरबाईंच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून त्याआधी त्यांची गाणी भरून घ्यायची होती. एरवी आमच्याकडं रिक्षावर ओरडायच्या जाहिराती रेकॉर्ड होतात. केसरबाई मात्र जात्यावरच्या ओव्या गायल्या, बाबासाहेबांची गाणी गायल्या, मधेच खोकल्या आणि स्वतःलाच रागावल्या. सगळं माझ्या गाण्यांच्या खोलीत जमा झालं. खरं सांगते, इतकं छान काही माझ्यावर त्याआधी कुणी ठेवलं नव्हतं.

त्याच सुमारास राखीपौर्णिमेला अजित बहिणीकडं आला. बहीण म्हणजे गोकुळची बायको रोहिणी, काउंटरवर बसते ती. तिला गाणी लावायची असायची, पण त्यासाठी गोकुळच्या फोटोंच्या पसाऱ्यात शिरावं लागायचं. अजितनं तिच्या फोल्डरात त्याच खोलीचं दुसरं दार बसवलं. याला बाइंड माउंट म्हणतात. गाणी एकदाच ठेवलेली, आत जायच्या वाटा मात्र दोन. कॉम्प्युटर सुरू झाला की ते दार आपोआप बसावं म्हणून त्यानं एका फाईलीत तशी ओळही लिहिली, आणि जाता जाता गाण्यांच्या खोलीचा एक ठसा घेऊन ठेवला.

"दाजी, ही काय दुसरी कॉपी न्हाय बरं का," तो सांगत होता.

"व्हय व्हय," म्हणत गोकुळ एका गिऱ्हाइकाची मान पासपोर्ट फोटोसाठी सरळ करत होता.

अजित गेल्यावर केसरबाई आणखी एकदा आल्या. त्यांची नात साक्षी पहिलटकरीण होती. तिच्या बाळासाठी त्यांनी स्वतः पाळणा रचला होता. तो गायल्या आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला गेल्या. सोमनाथ म्हणाला, "गोकुळराव, एक कॉपी मला द्या." गोकुळनं छाती फुगवून सांगितलं, "आमच्याकडं दोन ठिकाणी हाय. तुमी काळजीच करू नका." माझ्याकडं दारं दोन होती, खोली एकच.

ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. केसरबाई बाजारच्या दिवशी स्टुडिओत यायच्या, काउंटरपाशी बसायच्या, आणि रोहिणी त्यांना त्यांचंच गाणं लावून द्यायची. पाळणा सगळ्यात शेवटी. तो संपला की केसरबाई उठायच्या.

मग दसरा आला. मित्रांनो, आमच्याकडं त्याआधी घरातली वाकळ न् वाकळ धुवून निघते, डबे घासले जातात. त्याला दसरा काढणं म्हणतात. रोहिणी हात पुसत म्हणाली, "सगळं घर धुऊन काढलं. आता त्या कॉम्प्युटरचा बी दसरा काढा की." झालं! गोकुळ हुरूपानं बसला. "हितं बी केसरबाई, तितं बी केसरबाई! दोन-दोन कशाला?" रोहिणीच्या फोल्डरातलं ते दार त्यानं पुसायला घेतलं. ते 'वापरात आहे' म्हणून अडून बसलं. मग तो आत शिरला आणि एक-एक गाणं कायमचं पुसून टाकलं. मी गरगरण्याखेरीज काय करणार? माझं कुरकुरणं कुणी मनावर घेत नाही.

"एवढं पुसलं तरी जागा वाढंना," तो वैतागला. कशी वाढेल? राखीच्या ठशानं जुनी गाणी अजून धरून ठेवली होती.

साक्षीला मुलगी झाली. बारशाला पणजीचा पाळणा लावायचा म्हणून सोमनाथ आईला घेऊन आला. गोकुळनं एक दार उघडलं, आत काही नाही. दुसरं उघडलं, तिथंही काही नाही. खापर फुटलं माझ्यावर. "डिस्कच गेली! म्हातारी झाली ही. फॉरमॅट मारून देतो भंगारात." तसं केलं असतं तर ठसाही गेला असता.

रोहिणी आडवी आली. "अवो, हात लावू नका तिला. आधी अजितला इचारते."

अजितनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. "दाजी, दार नको होतं तर ते अनमाउंट करून नुसतं काढायचं. तुमी आत जाऊन खोलीच झाडून टाकली." मग तो इंटरनेटवरून पुण्यातूनच माझ्यात शिरला, राखीचा ठसा शोधला आणि गाणी परत जागेवर ठेवली. ती एकामागून एक वाजू लागली. केसरबाई मान डोलावत होत्या. शेवटची ओवी संपली आणि त्या पुढच्या गाण्याची वाट बघत राहिल्या. पाळणा राखीनंतरचा. त्याचा ठसा कुणी घेतलाच नव्हता.

"आई, ते न्हाय आता," सोमनाथ म्हणाला. केसरबाईंनी तोंडाला पदर लावला. गोकुळला वर बघवेना.

तेव्हा काउंटरमागून रोहिणी हळूच गाऊ लागली. इतक्या बाजारांना लावून लावून तिला तो पाठ झाला होता. एके ठिकाणी चाल चुकली. केसरबाईंनी हात वर करून तिला थांबवलं आणि काउंटरवर बांगड्या वाजवत ठेका धरला. पुन्हा चुकली, पुन्हा थांबवलं. गोकुळनं माइक आणून ठेवला.

"निज निज बाळा, गार वारा उजनीचा,
पाळण्यात येई आवाज तुझ्या..."

इथं रोहिणी अडली. "आजी, ह्ये मी कसं म्हणू? ह्यो आवाज तुमचा कुठंय?"

केसरबाई उठल्या. त्यांनी आपला तळवा रोहिणीच्या गळ्यावर ठेवला आणि म्हण, अशी मान हलवली. "...पणजीचा," रोहिणी म्हणाली, आणि मी ते लिहून घेतलं. बांगड्यांचा ठेकाही लिहून घेतला.

बारशाला तोच पाळणा वाजला. सोमनाथनं त्याची प्रत इंदापूरला नेली, अजितनं पुण्यात ठेवली. मित्रांनो, मी थकले आहे. एक दिवस खरंच बंद पडेन, त्याचं मला दुःख नाही. तुम्ही एवढंच करा: ज्याच्यावर जीव आहे ते एकट्या माझ्या भरवशावर ठेवू नका. केसरबाईंनी गायलेला पाळणा मी आतल्या आत अजून शोधते. तो सापडत नाही.