बी निगेटिव्ह व्याही

धरणगावचे तोताराम आबा गुडघ्यापायी ओट्याच्या तीन पायऱ्याही तिरके होऊन उतरत. जळगावच्या डॉक्टर मयुरी यांनी गुडघा बदलायला सांगितला तेव्हा आबा लगेच तयार झाले. अडलं ते रक्तगटावर. त्यांचा गट बी निगेटिव्ह, आणि नात्यात तो एकाच माणसाचा होता: मुलगी रूपाचे सासरे, सोनगीरचे हेमराज नाना. रूपाच्या लग्नात वरण-बट्टीवर तूप कमी पडलं असं नाना भर पंगतीत बोलले होते. त्याला सहा वर्षं झाली, तरी व्याही-व्याही बोलत नव्हते.

"मन्हा आंगमा त्यान्हं रगत नको," आबांनी डॉक्टरांना सांगून टाकलं.

"मग तुमचंच वाचवू," डॉक्टर म्हणाल्या. "हिमोग्लोबिन नऊ आहे, ते बारावर आणा. ऑपरेशनच्या वेळी रक्ताची गुठळी टिकवून धरणारं इंजेक्शन देईन, म्हणजे रक्त कमी जाईल. पण हमी नाही. एक बाटली रक्त देणारा माणूस हाताशी हवाच."

आबांनी दोन महिने लोहाच्या गोळ्या अशा घेतल्या, की एकही चुकली नाही. हिमोग्लोबिन साडेबारा झालं. इकडे रूपाने सासऱ्यांच्या कानावर घातलंच होतं. पंधरा दिवस बीट खाऊन नाना ऑपरेशनच्या सकाळी इस्त्रीच्या कपड्यांत हजर झाले.

ऑपरेशन नीट झालं. बाटली लागलीच नाही.

"बठ्ठं रगत मन्हंच शे ना?" बाहेर आणताच आबांनी विचारलं. सगळं रक्त आपलंच आहे, याची त्यांना खात्री हवी होती.

नानांचा चेहरा उतरला. "माझं चालत नाही का?"

"चालतं हो नाना, पण लागलं नाही," रूपा म्हणाली.

"मग आलो ते काय परत न्यायला?"

रात्री ते रागाने जेवले नाहीत. सकाळी रक्तपेढीत पोटभर नाश्ता झाल्याचं खोटं सांगून त्यांनी बाटली दिलीच, कुणाच्या तरी कामी येईल म्हणून. मग व्याह्यांना दुरूनच बघावं म्हणून वॉर्डाच्या दारात आले आणि चक्कर येऊन खाली बसले. नर्सने त्यांना आबांच्या शेजारच्या रिकाम्या कॉटवर झोपवलं.

आबा तेव्हा वॉकर धरून पहिल्यांदाच उभे राहत होते. नानांचा पांढराफटक चेहरा पाहून ते चार पावलं चालले आणि कॉटच्या कडेवर टेकले.

"रूपा, यांना आधी चहा दे. साखर जास्त घाल."

नाना डोळे न उघडता म्हणाले, "आबा, तुम्ही चाललात की."

"चाललो खरा," आबा म्हणाले. स्वतःच्याच पायाकडे ते नवलाने बघत होते.

नर्सने आबांना त्यांच्या कॉटवर जायला दोनदा सांगितलं. पण तोवर दोघांचं कापसाच्या भावावर बोलणं सुरू झालं होतं.